ट्रॉली जागेवर आणायला एक नाणं का पुरतं?

नोकरीसाठी किंवा शिकायला जर्मनीत गेलेल्या मराठी माणसाला पहिल्या आठवड्यातच एक सवय लावून घ्यावी लागते. एक युरोचं एक नाणं खिशात वेगळं जपून ठेवायचं आणि ते कशावरही खर्च करायचं नाही. आल्डी, लिडल, रेवे, कुठल्याही सुपरमार्केटच्या दाराशी गेलं की ट्रॉल्या एकमेकींना आखूड साखळ्यांनी बांधलेल्या दिसतात. खाचेत नाणं सरकवलं की ट्रॉली सुटते. सामान गाडीत भरून झालं की ती पुन्हा रांगेत लावायची, म्हणजे नाणं परत मिळतं.

घरभाडं, विमा, रेल्वेचा पास या सगळ्या हिशेबात एक युरो म्हणजे काहीच नाही. तरीही थंडीपावसात, कडेवर मूल घेऊन माणसं चालत जाऊन ट्रॉली जागेवर लावून येतात. त्याहून गंमत म्हणजे पुष्कळ जण नाणंही वापरत नाहीत. किल्ल्यांच्या जुडग्यात प्लास्टिकची एक चकती अडकवलेली असते, तीच खाचेत घालतात. अशा चकत्या बँका, विमा कंपन्या, निवडणुकीच्या दिवसांत राजकीय पक्षसुद्धा फुकट वाटतात. म्हणजे अडकलेली वस्तू फुकटची, आणि तरी ट्रॉली परत येतेच.

मग ट्रॉली परत आणतं कोण? नाण्याची किंमत तर नक्कीच नाही. मानसशास्त्रवाले याचं उत्तर माणसाच्या मनात शोधतात, आणि ते चूक नाही. पण माझ्या मते आधी ते कुलूप नीट पाहायला हवं. अर्धं उत्तर तिथेच आहे.

दुकानाला एवढी काळजी का?

सिल्वन गोल्डमन यांची अमेरिकेत ओक्लाहोमा सिटीत हम्प्टी डम्प्टी नावाची दुकानं होती. हातातली टोपली जड झाली की गिऱ्हाईक खरेदी आवरतं घेऊन पैसे द्यायला वळतं, हे त्यांनी हेरलं. बिल किती व्हायचं ते पाकिटापेक्षा दंडाच्या ताकदीवर ठरत होतं. घडीची खुर्ची पाहून त्यांना कल्पना सुचली. फ्रेड यंग या कारागिराच्या मदतीने त्यांनी दोन टोपल्या बसतील अशी चाकांची चौकट तयार केली आणि १९३७ साली ती दुकानात आणली. लोकांनी सुरुवातीला तिला हातही लावला नाही. टोपलीही उचलवत नाही का, असं कुणी म्हणेल म्हणून पुरुष लाजत, तर बायकांना ती बाबागाडी वाटे. शेवटी गोल्डमन यांनी पैसे देऊन वेगवेगळ्या वयाची माणसं आणली आणि त्यांना दुकानात ट्रॉली ढकलत नुसतं फिरायला लावलं. मग मात्र गाडी चालू लागली.

पुढची सुधारणा १९४६ ची, कॅन्सस सिटीच्या ऑर्ला वॉटसन यांची. त्यांनी ट्रॉलीची मागची बाजू बिजागरीवर वर उचलली जाईल अशी केली. त्यामुळे एक ट्रॉली दुसरीच्या पोटात शिरू लागली आणि पंचवीस-तीस ट्रॉल्या भिंतीलगत थोड्या जागेत मावू लागल्या. हेतू फक्त जागा वाचवण्याचा होता. पण प्रत्येक ट्रॉली पुढच्या ट्रॉलीला चिकटून उभी राहणार हे त्यातूनच ठरलं, आणि नाण्याचं कुलूप पुढे याच एका गोष्टीवर उभं राहिलं.

ट्रॉली आली ती दुकानाचा खप वाढवायला. गिऱ्हाइकालाही ती हवीच असते, पण फक्त सामान गाडीच्या डिकीत जाईपर्यंत. त्या क्षणानंतर तिचा त्याला काडीचा उपयोग नाही. दुकानाला मात्र ती तेव्हाच सर्वांत जास्त हवी असते, कारण दारात पुढचं गिऱ्हाईक उभं असतं. एका ट्रॉलीची किंमत साधारण शंभर-दोनशे युरोच्या घरात जाते. पार्किंगमध्ये मोकाट सुटलेली ट्रॉली उतारावरून घरंगळते, गाड्यांना पोचे पाडते, अपंगांसाठी राखलेली जागा अडवते. ती गोळा करायला माणूस ठेवायचा तर जर्मनीत २०२५ साली किमान वेतनच ताशी १२.८२ युरो होतं. दिवसभर ट्रॉल्या हाकणारा एक माणूस म्हणजे महिन्याकाठी चांगलाच खर्च.

आल्डीसारख्या दुकानाला तर हा खर्च मुळीच परवडणारा नाही. एसेनच्या कार्ल आणि थिओ आल्ब्रेख्त या भावांनी धंदा उभा केला तो पैन्‌पै वाचवून. मोजकाच माल ठेवायचा, तो ज्या खोक्यातून आला त्याच खोक्यासकट फळीवर मांडायचा, नोकर कमीत कमी ठेवायचे. ट्रॉली गोळा करण्याचं काम गिऱ्हाइकाकडे सोपवणं हा याच काटकसरीचा भाग. हे काम तुम्ही फुकट करता, पण त्याचा मोबदला थोडा स्वस्त लोण्याच्या रूपात मिळतो, असं दुकान सांगतं. अमेरिकेतही आल्डी पाव डॉलरच्या नाण्याबद्दल गिऱ्हाइकांना हाच हिशेब देते.

कुलूप काय तपासतं

आता त्या कुलपाकडे येऊ. ट्रॉलीच्या दांडीवर एक छोटी डबी असते. तिला नाण्याची खाच असते आणि बाजूला एक भोक. त्याच डबीतून एक आखूड साखळी लोंबते आणि साखळीच्या टोकाला चपटी पट्टी असते, किल्लीसारखी. पुढच्या ट्रॉलीची पट्टी मागच्या ट्रॉलीच्या भोकात बसलेली असते. नाणं घातलं की आतला खटका सरकतो, पट्टी बाहेर पडते आणि ट्रॉली मोकळी होते. नाणं मात्र आतच धरून ठेवलेलं असतं. परत करताना पुढच्या ट्रॉलीची पट्टी आपल्या डबीच्या भोकात खुपसायची. ती आत जाताना खटक्याला मागे ढकलते आणि नाणं बाहेर येतं. वीज नाही, बॅटरी नाही, पाहणारा माणूस नाही.

यातली खरी हुशारी कुठे आहे? नाणं सोडवायचं तर एक पट्टी लागते, आणि ती पट्टी तुमच्याकडे नसते. ती असते दुसऱ्या ट्रॉलीकडे. तुमच्या ट्रॉलीची स्वतःची साखळी स्वतःच्या भोकापर्यंत पोचू नये म्हणून मुद्दाम आखूड ठेवलेली असते. म्हणजे नाणं परत मिळवण्याचा एकच मार्ग उरतो: दुसरी ट्रॉली जिथे उभी आहे तिथे जाणं. कुलूप तुमचा प्रामाणिकपणा तपासत नाही, नाण्याचा खरेखोटेपणाही तपासत नाही. ट्रॉली रांगेत उभी आहे का, एवढंच पाहतं. दुकानालाही नेमकं तेवढंच हवं असतं.

तुम्ही म्हणाल, दोन चलाख माणसांनी पार्किंगच्या दुसऱ्या टोकाला आपापल्या ट्रॉल्या एकमेकींना जोडल्या तर? जोडता येतील. पण पुढची पट्टी मागच्या डबीत गेल्यावर नाणं सुटेल ते मागच्या ट्रॉलीचं. पुढच्या ट्रॉलीचं नाणं अडकूनच राहील, कारण तिच्याही पुढे कुणीतरी लागतं. दहा ट्रॉल्यांची बेकायदा रांग लावली तर नऊ नाणी सुटतात आणि एक राहतं. ते एक सुटायला जी पट्टी लागते ती दुकानाने भिंतीला किंवा ट्रॉल्यांच्या शेडमधल्या खांबाला कायमची पक्की केलेली असते. रांगेची सुरुवात कुठून व्हायची ते तो खांब ठरवतो. इतक्या साध्या लोखंडी तुकड्यांतून एवढा कडेकोट हिशेब मांडणाऱ्या माणसाचं मला मनापासून कौतुक वाटतं.

नाण्याचा फक्त आकार पाहिला जातो, म्हणूनच प्लास्टिकची चकती चालते. एक युरोच्या नाण्याचा व्यास २३.२५ मिलिमीटर, पन्नास सेंटचा २४.२५ मिलिमीटर, पुष्कळ कुलपांत दोन्ही चालतात. युरो येण्याआधीच्या एक मार्कच्या नाण्याचा व्यास २३.५० मिलिमीटर होता. जाता जाता सांगतो, आपलं जुनं पाच रुपयांचं नाणं २३ मिलिमीटरचं आहे. जर्मनीत स्थायिक झालेल्या देशी मंडळींना ही माहिती वेगळी द्यावी लागत नाही, असा माझा समज आहे.

आकारावर चालणाऱ्या कुलपाची एक अडचण ब्रिटनला २०१७ मध्ये भोवली. बनावट नाण्यांना कंटाळून तिथल्या टांकसाळीने एक पौंडाचं नवं बाराकोनी नाणं आणलं. जुनं गोल नाणं २२.५ मिलिमीटरचं होतं. नवं थोडं रुंद, पण पातळ. जुनं नाणं ऑक्टोबर २०१७ मध्ये चलनातून बाद झालं. नाणं देशाचं बदललं, पण देशभरातल्या ट्रॉल्यांची कुलपं बदलण्याचा खर्च आला दुकानांच्या गळ्यात. काहींनी कुलपं बदलली, तर काहींनी ट्रॉल्या तात्पुरत्या मोकळ्याच सोडल्या.

दंड आणि अनामत यांत फरक आहे

दुकानाला दुसरा मार्गही होता. ट्रॉली परत न लावणाऱ्याला एक युरो दंड. रक्कम तीच, मग फरक काय?

इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या पाळणाघरांत झालेला एक प्रयोग इथे आठवतो. युरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिचिनी या अर्थशास्त्रज्ञांनी तो २००० साली प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला पालक उशिरा येत, म्हणून दहापैकी सहा पाळणाघरांत दहा मिनिटांपेक्षा जास्त उशिराला दहा शेकेल दंड लावला. उशिरा येणारे कमी व्हायला हवे होते, झालं उलटंच. त्यांची संख्या वाढून जवळजवळ दुप्पट झाली. आधी उशीर झाला की पालक ओशाळत. दंड आल्यावर त्यांना वाटू लागलं की हे उशिराचं भाडं आहे, ते भरलं की झालं. आणि दंड रद्द केल्यावरही उशीर काही कमी झाला नाही. एकदा गेलेली भीड परत आली नाही.

ट्रॉलीला दंड लावला असता तर हेच झालं असतं. एक युरो टाकायचा आणि ट्रॉली मोकाट सोडायची. अनामत रकमेचं तसं होत नाही. कोल्ड्रिंकच्या काचेच्या बाटलीचं डिपॉझिट ज्यांनी दिलंय त्यांना हे लगेच कळेल. रिकामी बाटली दुकानात परत देताना आपण काही कमावत नसतो, तरीही ती फेकवत नाही, कारण फेकली की आपलं काहीतरी जातं. मिळालेल्या दहा रुपयांच्या आनंदापेक्षा गेलेल्या दहा रुपयांची रुखरुख मोठी असते. डॅनियल कानेमन आणि आमोस ट्वेर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलेल्या सिद्धान्ताचा हा एक मुख्य धागा. नाणं डबीत दिसत असतं. ते आपलं असतं. दुसऱ्याच्या हाती ते सोडून जायला मन घेत नाही.

चकतीच्या बाबतीत हा पैशाचा मुद्दा लागू होत नाही, पण दुसरा होतो. चकती गमावली तर पुढच्या शनिवारी ट्रॉली सुटणार नाही. म्हणजे ती परत घेण्यामागे पैसा नसून पुढच्या खेपेची सोय असते. शिवाय जर्मन माणसाला अनामतीची सवय इतर ठिकाणीही आहेच. बिअरच्या काचेच्या बाटलीवर आठ सेंट आणि एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीवर २००३ पासून पंचवीस सेंट भरावेच लागतात. ट्रॉली परत लावणारा माणूस बहुतेक वेळा त्याच फेरीत पिशवीभर रिकाम्या बाटल्याही दुकानातल्या यंत्रात टाकून आलेला असतो.

अनामतीची आणखी एक खुबी आहे आणि तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. तुम्ही घाईत ट्रॉली सोडून गेलात तरी नाणं डबीतच राहतं आणि जो कुणी ती परत लावेल त्याला ते मिळतं. शाळकरी पोरं आणि पैशाची चणचण असलेली माणसं पार्किंगमध्ये अशा ट्रॉल्यांवर नजर ठेवून असतात. म्हणजे एकाने नियम मोडला तर दुसऱ्याला तो पाळण्याचा मोबदला आपोआप मिळतो. दंडाच्या पद्धतीत हे कधीच होत नाही. तिथे पैसे दुकानाच्या गल्ल्यात जातात आणि ट्रॉली तिथेच पडून राहते. दक्षिण कोरियातल्या मोठ्या दुकानांत तर शंभर वॉनचं नाणं चालतं. आपल्या हिशेबाने ते दहा रुपयांचंही होत नाही, पण ट्रॉल्या जागेवर येतात.

पहिली मोकाट ट्रॉली

एखादी ट्रॉली इकडेतिकडे राहिली तर एवढं काय बिघडलं? नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन विद्यापीठाच्या कीस कायझर, झीखवर्ट लिंडेनबर्ग आणि लिंडा स्टेख यांनी हे तपासून पाहिलं. त्यांचा लेख २००८ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आला. एका सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये ट्रॉल्या परत लावण्याची विनंती करणारा फलक होता. संशोधकांनी उभ्या गाड्यांच्या काचेवर वायपरखाली एकेक जाहिरातपत्रक अडकवलं. गाडी काढायची तर ते काढावंच लागणार, आणि जवळपास कचराकुंडी नव्हती. पार्किंग नीटनेटकं असताना ३० टक्के लोकांनी पत्रक जमिनीवर टाकलं. मग तिथे चार ट्रॉल्या अस्ताव्यस्त उभ्या करून ठेवल्या. कुणी त्या वापरायला नेऊ नयेत म्हणून दांड्यांना व्हॅसलिन चोपडलं होतं. या वेळी पत्रक टाकणारे झाले ५८ टक्के.

लक्षात घ्या, ट्रॉल्यांचा आणि कागदाच्या कपट्याचा काही संबंध नाही. एक नियम इथे कुणी पाळत नाही असं दिसलं, की दुसरा नियम पाळण्याचीही गरज वाटेनाशी होते. त्यामुळे नाण्याची खरी कमाई एकेका ट्रॉलीत मोजू नये. पार्किंगमध्ये पहिली मोकाट ट्रॉली दिसूच नये, हे त्याचं काम आहे. ती दिसली नाही की दुसरी सोडायला धीर होत नाही.

अमेरिकेत नाणं का नाही?

अमेरिकेत मुलाकडे राहायला गेलेल्या आईबाबांना वेगळंच दृश्य दिसतं. आल्डी सोडलं तर बहुतेक दुकानांत ट्रॉल्या मोकळ्या असतात. पार्किंगचं मैदान अफाट, त्यात ठिकठिकाणी लोखंडी पाइपांचे कठडे घातलेले. ट्रॉली तिथपर्यंत नेली की पुरे. तिथून दुकानाचा पोऱ्या वीस-पंचवीस ट्रॉल्यांची आगगाडी करून, किंवा बॅटरीवरच्या यंत्राने ढकलत दारापर्यंत नेतो. गिऱ्हाइकाला दारात नाण्यासाठी अडवणं तिथल्या दुकानदारांना नको असतं. त्यापेक्षा पोऱ्याचा पगार परवडला, असं त्यांचं गणित.

म्हणजे अमेरिकी दुकानं पैशाऐवजी अंतरावर काम करतात. कठडा जितका जवळ तितक्या ट्रॉल्या जास्त परत येतात, हे कुठल्याही दुकानाच्या व्यवस्थापकाला ठाऊक असतं. मानववंशशास्त्राच्या एका लेखिकेने २०१७ साली तिथल्या गिऱ्हाइकांचे प्रकार मांडले होते. काही जण कितीही दूर असलं तरी परत लावणारच. काही कधीच लावत नाहीत, ते दुसऱ्या कुणाचं तरी काम आहे असं मानतात. काही जण जवळ असेल तरच लावतात, काही कुणी बघत असेल तरच. आणि काहींची मुलं ट्रॉलीवर बसून फेरी मारायला मागतात म्हणून ती परत जाते. यात एक गोष्ट खरी धरली पाहिजे: तान्हं मूल गाडीत एकटं सोडून ट्रॉली लावायला जाणं आईला धोक्याचं वाटतं, आणि तिला बेशिस्त म्हणणं अन्यायाचं आहे.

२०२० साली इंटरनेटवर एका निनावी माणसाने ट्रॉली परत लावण्याला थेट माणुसकीची कसोटी ठरवलं. त्याचं म्हणणं असं: परत लावणं सोपं आहे, योग्य आहे हे सगळ्यांना माहीत आहे, न लावल्यास शिक्षा नाही आणि लावल्यास बक्षीस नाही, म्हणून माणूस स्वतःवर राज्य करायला लायक आहे का हे यावरून कळतं. पोस्ट जगभर फिरली, अजून फिरते. मला हा न्याय जरा जास्तच वाटतो. नाण्याची साखळी आलेल्या देशात ही परीक्षा घेताच येत नाही, मग काय तिथली सगळी माणसं एका रात्रीत सद्गुणी झाली? तीच माणसं असतात, कुलूप वेगळं असतं.

नाणं हरतं तेव्हा

ट्रॉली रांगेबाहेर राहण्याची दोन कारणं असतात आणि ती एकमेकांत मिसळली की चर्चा भरकटते. एक म्हणजे कंटाळा. त्यावर नाण्याचा उपाय लागू पडतो. दुसरं म्हणजे गरज. ज्याच्याकडे गाडी नाही आणि दोन किलोमीटरवर घर आहे, अशा माणसासाठी एक युरोत मिळणारी चार चाकं म्हणजे स्वस्तातली हमाली. ती ट्रॉली इमारतीच्या जिन्याखाली, बसथांब्यावर किंवा ओढ्यात सापडते. ब्रिटनमधल्या कालव्यांतून ट्रॉल्या उपसून काढणं हे कालव्यांची देखभाल करणाऱ्या संस्थेचं नेहमीचंच काम होऊन बसलं आहे. सिंगापूरच्या सरकारी वसाहतींत लिफ्टपाशी सोडलेल्या ट्रॉल्या ही कायमची तक्रार आहे, आणि तिथे तर नाण्याची कुलपं आहेत.

अशा वेळी सरकार दुकानाच्या मागे लागतं. ब्रिटनच्या १९९० च्या पर्यावरण संरक्षण कायद्याने नगरपालिकांना बेवारस ट्रॉल्या उचलून त्याचा खर्च मालकाकडून वसूल करता येतो. ऑस्ट्रेलियात न्यू साउथ वेल्स राज्याने २०२१ मध्ये बेवारस मालमत्तेचा कायदा केला आणि ट्रॉल्या मुदतीत उचलल्या नाहीत तर दुकानांना दंड ठेवला. तिथली दुकानं मग लोकांनाच हाताशी धरतात. रस्त्यात ट्रॉली दिसली तर अ‍ॅपवर किंवा फोनवर कळवा, कळवणाऱ्याचं नाव सोडतीत. हे नाण्याचंच तत्त्व, फक्त परत लावणाऱ्याऐवजी पाहणाऱ्याला दिलेलं.

ज्या दुकानांना हे सगळं पुरत नाही ती चाकालाच कुलूप लावतात. अशा ट्रॉलीचं एक चाक बाकीच्यांपेक्षा थोडं जाड दिसतं. त्याच्या आत बॅटरी, छोटी मोटर आणि एक संवेदक असतो. पार्किंगच्या हद्दीवर जमिनीखाली एक तार पुरलेली असते आणि तिच्यातून अगदी कमी वारंवारतेचा, साधारण ८ किलोहर्ट्झचा संकेत सतत जात असतो. ट्रॉली त्या रेषेवरून गेली की चाकाला संकेत मिळतो, आतला ब्रेक आवळतो आणि ट्रॉली जागच्या जागी अडते. पुढे ढकललं तर ती नुसती गोल फिरते. दुकानाचा माणूस हातातल्या रिमोटने ती पुन्हा सोडवतो. कॅलिफोर्नियातली गेटकीपर सिस्टिम्स ही या धंद्यातली मोठी कंपनी.

यातली एक तांत्रिक मौज सांगायलाच हवी. ८ किलोहर्ट्झ ही वारंवारता माणसाच्या कानाला ऐकू येणाऱ्या पट्ट्यातली आहे. फोनचा स्पीकर त्या वारंवारतेचा आवाज काढतो तेव्हा त्याच्या आतल्या तारेच्या गुंडाळीतून तेवढ्याच वारंवारतेचं थोडंसं चुंबकीय क्षेत्रही बाहेर पडतं. २०२१ साली लास व्हेगासमधल्या डेफकॉन या हॅकर संमेलनात एका अभियंत्याने हेच दाखवलं: योग्य ध्वनिफीत वाजवून फोन चाकाजवळ धरला की ते लॉक होतं किंवा सुटतं. दोन लोखंडी पट्ट्यांच्या कुलपाला असलं काही करून दाखवा म्हणावं.

त्या साध्या कुलपालाही एक शत्रू भेटला आहे, तो म्हणजे रिकामा खिसा. माणसं फोनने आणि कार्डाने पैसे देऊ लागली आणि सुटं नाणं खिशातून नाहीसं झालं. करोनाच्या काळात हाताळणी टाळायला युरोपातल्या पुष्कळ दुकानांनी साखळ्या काढून टाकल्या. काहींनी त्या नंतर परत लावल्या, काहींनी लावल्याच नाहीत. खाचेतून लगेच ओढून काढता येते अशी किल्ली तर आज कुणीही विकत घेऊ शकतो. ती वापरणाऱ्याचं डबीत काहीच अडकत नाही. तरीही ती बाळगणारे बरेच जण ट्रॉली परत लावताना दिसतात. वर्षानुवर्षांची वळणाची वाट पायांना माहीत झालेली असते.

आपल्याकडे

महाराष्ट्रात नाण्याची ट्रॉली जवळजवळ दिसत नाही आणि ते समजण्यासारखं आहे. डी-मार्टचं पहिलं दुकान पवईला २००२ मध्ये निघालं. तेव्हापासून आजपर्यंत आपल्या सुपरमार्केटची घडण अशी की ट्रॉली मुळात फार लांब जाऊच शकत नाही. दारात बिलाला भोक पाडणारा सुरक्षारक्षक असतो, बाहेर अर्धे लोक दुचाकीवर पिशव्या अडकवणारे किंवा रिक्षा शोधणारे, आणि तळघरातल्या पार्किंगमधून ट्रॉल्या वर आणायला माणूस ठेवलेला असतो. जर्मनीत साखळी जे काम करते ते इथे माणूस करतो, कारण इथे माणसाचा पगार परवडतो. विमानतळावरही आपल्याला ट्रॉली फुकट मिळते आणि ती कुठेही सोडली तरी चालते. अमेरिकेतल्या बऱ्याच विमानतळांवर तिच्यासाठी पैसे मोजावे लागतात.

पण ट्रॉलीचा हाच तंटा आपल्याकडे दुसरीकडे सुरू झाला आहे. पुण्यामुंबईतल्या उंच इमारतींच्या सोसायट्या सामान वर न्यायला पार्किंगमध्ये एक-दोन ट्रॉल्या ठेवतात. त्या चौदाव्या मजल्यावर कुणाच्या तरी दारासमोर अडकतात, खाली कुणीतरी पिशव्या घेऊन उभं असतं, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘कृपया ट्रॉली खाली आणून ठेवावी’ हा संदेश दर रविवारी पडतो. कमिटी मग वहीत सही घ्यायची पद्धत आणते, ती वॉचमनच्या गळ्यात पडते आणि महिन्याभरात वही हरवते. काही कमिट्या दंडाचा ठराव करतात. हैफाच्या पालकांचं काय झालं ते वर आलंच आहे.

एकच ट्रॉली असेल तर नाण्याचं कुलूप चालेल का? चालेल. दुसरी ट्रॉली नसली तरी खांब आहे. रांगेतल्या पहिल्या ट्रॉलीसाठी दुकानं जी साखळी भिंतीला पक्की करतात तशीच एक पार्किंगच्या भिंतीला बसवायची आणि ट्रॉलीच्या दांडीवर डबी. खाच पाच रुपयांच्या मापाची. ट्रॉली भिंतीशी आली नाही तर नाणं सुटणार नाही, आणि चौदाव्या मजल्यावर राहिली तर ती खाली आणून नाणं खिशात टाकायला इमारतीतली पोरं पुरेशी आहेत. फक्त सुटे पाच रुपये वॉचमनकडे उधार मागायचे नाहीत, एवढा ठराव तेवढा करून घ्यावा लागेल.